सावलीत सगळंच चांगलं दिसतं

आम्हाला वेब डिझाइन शिकवणारे सर रस्त्यानं चालताना लोकांच्या बॅगांच्या चेनी लावत जायचे. ओळखीचा माणूस असो, नसो. पुढं चाललेल्याच्या पाठीवरची बॅग उघडी दिसली की सरांचा हात आपोआप जायचा, चेन बंद व्हायची, आणि त्या माणसानं वळून बघेपर्यंत सर दहा पावलं पुढं गेलेले असायचे. चेन नसेल तर गळणारा नळ. नळ नसेल तर कुणाच्या तरी डब्याचं तिरकं बसलेलं झाकण. एकदा तुळजापूरच्या स्टँडवर, सोलापूरच्या गाडीतून उतरलेल्या एका बाईंच्या पर्सला त्यांनी असाच हात घातला. बाईंनी असा काही आवाज काढला की प्रसादाच्या दुकानांतली माणसं गिऱ्हाइकं सोडून धावत आली. सर हात जोडून शांतपणे सांगत होते, "ताई, उघडं होतं, म्हणून झाकलं." आम्ही पाच-सहा विद्यार्थी सोबत होतो. ओळखपत्रं दाखवली, हे कॉलेजात शिकवतात म्हणून सांगितलं. बाईंनी सरांकडं नखशिखांत बघितलं आणि विचारलं, "काय शिकवतात?" त्याचं उत्तर आमच्यातल्या एकालाही पटकन देता आलं नाही.

खरं तर हेच शिकवत होते. वेबचं पान लिहिताना प्रत्येक गोष्ट एका खुणेनं उघडायची असते आणि तिच्या जोडीच्या खुणेनं झाकायची असते. मथळ्याची खूण झाकायची राहिली की खालची सगळी बातमी मथळ्याएवढी होऊन बसते. आम्ही ती रोज विसरायचो. सर ओरडायचे नाहीत. विसरणाऱ्याच्या टेबलावर घरून आणलेली बरणी उघडी ठेवायचे आणि झाकण खिशात घालून फिरायचे. बरणीत लसणाची चटणी असायची. चूक सापडेपर्यंत पूर्ण लॅबला वास यायचा, मग सगळे मिळून ती चूक शोधायचे.

कॉलेज धाराशिवचं, अभ्यासक्रम पत्रकारितेचा, एक वर्षाचा. आम्ही बाराजण होतो. त्यातल्या आठजणांना हातात माइक घेऊन कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं होतं, तिघांना सरकारी नोकरीची परीक्षा द्यायची होती आणि मधल्या वर्षात काहीतरी करायचं म्हणून ते आले होते. उरलेली मी. वेब डिझाइन हा विषय आमच्या दृष्टीनं ताटातल्या कडू कारल्यासारखा होता. लॅबमधले अर्धे संगणक सुरू व्हायचे आणि जे सुरू व्हायचे ते दुपारी लाइट गेली की बंद पडायचे. सर तासिका तत्त्वावर होते, म्हणजे कॉलेजनं ठेवलं तर पुढच्या वर्षी, नाहीतर राम राम.

लाइट गेली की सर खूष व्हायचे. पिशवीतून खडूची पूड लावलेली सुतळी निघायची. आम्हाला सगळ्यांना कॉलेजच्या मागच्या भिंतीकडं न्यायचे, दोघांना सुतळीची दोन टोकं ताणून धरायला लावायचे आणि मधोमध चिमटीत धरून सोडायचे. भिंतीवर सरळ रेघ उठायची. अशा सहा-सात रेघा मारल्या की पानाचा आराखडा तयार. इथं नाव, इथं मथळा, इथं बातमी, कडेला दोन्हीकडं मोकळी जागा. संगणकावर महिनाभर न समजलेलं त्या भिंतीवर अर्ध्या तासात समजायचं.

सुतळी कुठून आली ते नंतर कळलं. सर पेंटर होते. पदवी मराठीची, पण पोट ब्रशवर. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, गाड्यांचे नंबर, गावोगावच्या रस्त्यांवरचे बाण काढलेले फलक. मग फ्लेक्सचं मशीन आलं आणि दोन वर्षांत त्यांचं काम संपलं. चाळिशी ओलांडलेला हा माणूस तेव्हा एका सायबर कॅफेत जाऊन बसला आणि पानं लिहायला शिकला, कारण त्याच्या मते अक्षरं आता तिकडं राहायला गेली होती. बोटांच्या पेरांमध्ये लाल रंग अजून राहिलेला होता आणि जवळ गेलं की टर्पेंटाइनचा वास यायचा. तो कुठून यायचा देव जाणे, कारण ब्रश सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती.

आता माझी गंमत. माझ्या वडलांचं कळंबला फ्लेक्सचं दुकान आहे. दहावीपासून मी तिथं संगणकावर बसत होते. वाढदिवस, निवड, पुण्यस्मरण, नवीन दुकानाचं उद्घाटन, काहीही सांगा, मी डोळे मिटून बॅनर करून देत असे. त्यामुळं डिझाइन या विषयात मला शिकवण्यासारखं कॉलेजात कुणी असेल असं मला वाटतच नव्हतं. सरांनी पहिला गृहपाठ दिला, आपल्या गावाचं एक पान करा. मी दोन दिवस खपले. वरती डाव्या कोपऱ्यात देवी, उजव्या कोपऱ्यात समई. मधोमध गावाचं नाव, सोनेरी, मागून उजेड मारलेलं. पाठीमागं सूर्याची किरणं. खालच्या ओळीत अकरा गोल चेहरे, सरपंचांचा सगळ्यांत मोठा, उपसरपंचांचा दोन बोटं लहान, बाकीचे मानाप्रमाणे. सगळ्यात तळाशी, शुभेच्छुक : समस्त गावकरी.

वर्गानं टाळ्या वाजवल्या. सर उठून पडद्याजवळ आले.

"सुंदर," ते म्हणाले. "कुणाचा वाढदिवस आहे?"

"गावाचं पान आहे, सर."

"मग गाव कुठंय?"

मी बघितलं. खरंच, गाव कुठंच नव्हतं. लोकसंख्या नाही, शाळा नाही, एसटी किती वाजता येते ते नाही. मी म्हणाले, सगळे असंच करतात. सरांनी उठून सगळ्यांचे पडदे बघितले आणि सगळ्यांनी खरंच तसंच केलं होतं. एकानं तर गॉगल लावलेला स्वतःचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, भावी संपादक. डिझाइन म्हणजे चौकातला बॅनर, यापलीकडं आमच्यापैकी कुणीच काही बघितलेलं नव्हतं.

"एवढं सफाईदार कुठं शिकलीस?" सरांनी विचारलं. मी दुकानाचं सांगितलं आणि सगळे एकमेकांकडं बघायला लागले, कारण सरांचं ब्रशचं काम कशामुळं गेलं ते तोपर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं. सर हसले. "म्हणजे मला इथवर आणून सोडणारी मंडळी तुम्हीच. चहा पाजला पाहिजे तुझ्या वडलांना." त्या दिवसापासून माझं नाव फ्लेक्स पडलं. फ्लेक्स, उभी राहा. फ्लेक्स, सुतळी धर. मला त्याचा राग यायचा. घरी जाऊन मी वडलांना सांगितलं, वाटलं ते चिडतील. वडील म्हणाले, "त्यो पेंटर? आगं, आपल्या आडत बाजाराच्या भितीवरलं अक्षर त्येचंच हाय की. आजून उडलं न्हाय. आपलं फ्लेक्स एका वाऱ्यात फाटतंय." आणि पुढचा अर्धा तास ते त्या अक्षराबद्दलच बोलत होते, त्यामुळं माझी तक्रार तिथंच राहिली.

सरांचं आणि माझं भांडण मोकळ्या जागेवरून असायचं. दुकानात मोकळी जागा दिसली की गिऱ्हाईक म्हणतं, इथं माझ्या मेहुण्याला बसवा. तो बसवायचा मला इतका सराव झाला होता की पानावर चार बोटं पांढरी राहिली तरी मला कसंतरी व्हायचं. मी तिथं फूल टाकायचे. सर काढायचे. मी वेल टाकायचे. सर म्हणायचे, "फ्लेक्स, बघणाऱ्याला टेकायला जागा ठेव की जरा."

दुसरं भांडण दारांवरून. एका पानावरून दुसऱ्या पानावर जायची जी जोडणी असते तिला सर दार म्हणायचे. आम्ही सगळीकडं लिहायचो, इथे क्लिक करा. सरांना ते वाचून खरोखर त्रास व्हायचा. "मी आयुष्यभर रस्त्याच्या पाट्या रंगवल्या. तेर गावाकडं वळायच्या रस्त्यावर मी काय लिहिलं? तेर. 'इकडं वळा' असं लिहिलं असतं तर लोकांनी मला त्याच फाट्यावर धरून मारलं असतं."

पण त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य वेगळंच होतं. पडद्यावर पान झकास दिसायला लागलं, आम्ही मान वर करून बघायला लागलो, की ते म्हणायचे, "सावलीत सगळंच चांगलं दिसतं." आणि पान तपासायला आम्हाला उन्हात काढायचे. त्यांच्याकडं एक जुना फोन होता, काच तडकलेली, इतका सावकाश की एखादं पान उघडेपर्यंत एसटीचा कंडक्टर तिकिटं फाडून परत पुढं जाऊन बसावा. तो फोन भर दुपारी उन्हात धरायचा, हातानं सावली करायची नाही, आणि वाचून दाखवायचं. आमच्यातली फिकट करड्या अक्षरांची हौस पहिल्याच आठवड्यात उतरली.

दिवाळीनंतर सरांनी सांगितलं, आता खरी परीक्षा, आणि आम्हाला घेऊन ते तेरच्या गाडीत बसले. तिथून तेरणा नदीच्या काठानं बरंच चालत नेलं. रिकाम्या रानात मेंढरं बसवलेली होती आणि त्यांच्या कडेला काठी टेकवून एक बाई उभी होती. सरांची थोरली बहीण. सगळे तिला आक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही आक्का म्हणायला लागलो. सर मेंढपाळाच्या घरातले, हे आम्हाला तिथं समजलं. लहानपणी ते कोळशानं घराच्या भिंतीवर अक्षरं गिरवायचे आणि शाळेत न गेलेली आक्का मागं बसून ती बघायची, तेवढ्यावरच ती वाचायला शिकली होती. अजूनही एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत वाचायची.

"ही तुमची परीक्षक," सर म्हणाले. "आता नीट ऐका. पान पास झालं तर ही काही बोलणार नाही. फोन परत देईल आणि आपल्या कामाला लागेल. बोलली, की समजा नापास."

माझा नंबर पहिला. मी तोवर बातम्यांचं एक मोठं पान केलं होतं, वरती सरकणारे फोटो, खाली सरकणाऱ्या ओळी. आक्कानं फोन हातात घेतला. पान उघडेना. तेवढ्यात एक कोकरू शेजारच्या ज्वारीत शिरलं. आक्का गेली, कोकरू हाकलून आली, पाणी प्याली, तरी माझं पान उघडलेलं नव्हतं. शेवटी उघडलं तेव्हा तिनं डोळे बारीक केले.

"हलतंय कशाला ते सारकं? म्या वाचू का त्येच्या मागं पळू?"

एकामागून एक बाराही पानं झाली. कुणाचं दिसेना, कुणाचं उघडेना. भावी संपादकाचं पान मात्र तिनं सगळं वाचलं, अक्षर न् अक्षर. आम्हाला वाटलं, गेला हा पुढं. आक्का म्हणाली, "समदं वाचलं बग. आन् जनावराचा डाक्टर कवा येनार, ते कुठं लिवलंय?"

ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. परतीच्या गाडीत सगळे थकून झोपले. सर तेवढे खिडकीशी बसून हसत होते.

जानेवारीत मी बोनाफाइडवर सही घ्यायला प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभी होते. दार उघडंच होतं. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की आता सगळं व्हिडिओवर चालतं, मुलांनाही तेच हवंय, तर पुढच्या वर्षीपासून वेबचा विषय काढून व्हिडिओचा ठेवावा.

"तुमच्या मुलांची ती पानं वाचतं कोण, सर?" ते म्हणाले. "मुलंच करतात आणि मुलंच बघतात. मला कॉलेजबाहेरचा एक वाचक आणून दाखवा. एकच. मार्चमध्ये बैठक आहे, तोपर्यंत दाखवा, मी विषय ठेवतो."

सर बाहेर आले. मला बघून म्हणाले, "ऐकलंस?" मी मान हलवली. त्यांनी माझ्या बॅगेची चेन लावली आणि निघून गेले. पहिल्या सत्रात हा विषय बंद झाला असता तर मी पेढे वाटले असते. त्या दिवशी मात्र पेढे आठवलेही नाहीत. सर गेले तर त्या भिंतीवरच्या रेघा पुसून टाकतील, हे मला एकदम दिसलं, आणि ते मला सहन होईना.

मी सरांकडं जाऊन म्हणाले, आपण डॉक्टरचं पान करू. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची गाडी आठवड्यातून एकेका गावाला जायची, पण वार दर आठवड्याला बदलायचे आणि लोकांना गाडी येऊन गेल्यावर कळायचं. त्या गाडीवरच्या कंपाउंडरना मी दर रविवारी फोन करायचा, आठवड्याचे वार लिहून घ्यायचे आणि पानावर टाकायचे. पान करायला मला अर्धा तास लागला आणि त्यातलं काढायला दोन आठवडे. पहिल्यांदा वरती बैलाचं चित्र होतं. सरांनी काढलं. वेल काढली. निळी पट्टी काढली. शेवटी पांढऱ्यावर काळी अक्षरं उरली. गाव, वार, वेळ, गाडी कुठं उभी राहते ते. सगळ्यात खाली सरांनी स्वतः एक ओळ लिहिली, चूक आढळल्यास विभागात येऊन सांगा, आणि कॉलेजचा पत्ता. मी म्हटलं, फोन नंबर द्या की. सर म्हणाले, "फोनवर शिव्या नीट देता येत नाहीत."

त्यांची आणखी एक अट होती. वरती तारीख पाहिजे, हे पान कधी लिहिलं त्याची. दर रविवारी हातानं बदलायची. मला ते किचकट वाटलं. मी चार ओळींची युक्ती टाकली आणि पान उघडेल त्या दिवसाची तारीख आपोआप वरती यायची सोय केली. आपल्या हुशारीवर मी खूष होते. सरांना सांगितलं नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही, हे मला माहीत होतं.

भावी संपादकानं त्या पानाचा पत्ता गावागावांतल्या दुधाच्या डेअऱ्यांवर आणि पिठाच्या गिरण्यांवर चिकटवला. वाचतंय की नाही ते कळायला मार्ग नव्हता. सर म्हणायचे, वाट बघा. मला वाट बघवत नव्हती.

मार्च आला. बैठकीच्या आधीच्या शनिवारी वडलांचा फोन आला. कळंबात एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता, चाळीस बॅनर करायचे होते, ये म्हणाले. मी गेले. तीन दिवस चेहरे कापत बसले, कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचं आणि कुणाला नाही, हे फोनवर ऐकत बसले. रविवार त्यात कधी गेला ते कळलंच नाही. कंपाउंडरना फोन करायचा राहिला. पानावर मागच्याच आठवड्याचे वार राहिले आणि वरती तारीख मात्र रोज ताजी येत होती.

बैठक शुक्रवारी. सरांनी मला सोबत बोलावलं होतं, पान दाखवायला. प्राचार्यांनी लॅपटॉपवर ते वरपासून खालपर्यंत बघितलं.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पण माझा प्रश्न तोच आहे, सर. वाचतं कोण?"

सर काही बोलणार तेवढ्यात शिपाई आत आला. "सर, तीन मानसं आल्यात. बाई लई तापलीय. काठी बाहेर ठेवा म्हनलं तर आजूनच तापली."

आक्का आत आली. तिच्यामागं दोन अनोळखी माणसं, एक म्हातारा आणि एक मधल्या वयाचा. आक्कानं केबिनभर नजर फिरवली.

"त्ये डाक्टरचं पान कोन लिवतंय?"

"आक्का, बस आधी," सर म्हणाले.

"बापू, तू गप. म्या कालेजाशी बोलाया आलेय." ती प्राचार्यांकडं वळली. "तुमच्या पानावर वर आजची तारीख. खाली लिवलंय, गाडी गुरुवारी. म्या तारीख बगितली, म्हनलं ताजं हाय. दोन दिस मेंढरं हालवली न्हाईत. रानात काडी उरली न्हाय. आन् गाडी मंगळवारीच यून गेली. मग लिवता कशाला?"

"माझी म्हैस म्या तीन कोस चालवत न्हेली," म्हातारा म्हणाला. "तिथं कुत्रं न्हाय."

मधल्या वयाच्या माणसानं मान अशी हलवली की त्याचंही काही कमी नसावं.

वर्षभराचं सगळं माझ्यामुळं गेलं, एवढंच मला कळत होतं. सरांकडं बघायची हिंमत होईना. शेवटी बघितलं, तर सरांचा चेहरा असा उजळला होता, जणू घरात पाळणा हलल्याची बातमी आलीय. ते खुर्ची ओढून म्हाताऱ्यासमोर बसले.

"पाव्हणं, मला ओळखता?"

"न्हाय."

"हिला?" त्यांनी आक्काकडं बोट केलं.

"आत्ताच गेटावर भेटली. ह्यी बी चिडलीवती, आमी बी चिडलोवतो, संगंच आलो."

"पान कुठं बघितलं?"

"माझी सून बगती की दर आठवड्याला. गिरनीत लावलंय कागद."

सर उठले आणि प्राचार्यांसमोर सरळ उभे राहिले. "सर, ही माझी बहीण आहे, तिला धरू नका. पण या दोघांना मी ओळखत नाही." आयुष्यात इतक्या अभिमानानं कुणी कुणाला अनोळखी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

प्राचार्य हसू आवरत होते, पण ते जबाबदार माणूस. त्यांनी विचारलं, "ते ठीक. पण ही चूक झाली कशी? दवाखान्यानं वार चुकीचे कळवले का?"

प्रश्न माझ्याकडं बघून होता. हो म्हणणं फार सोपं होतं. कंपाउंडर तिथं नव्हते, तपासायला कुणी जाणार नव्हतं, सरांचा विषय वाचत होता. मी तोंड उघडलंही. मग आक्काकडं लक्ष गेलं. ती मला काही विचारत नव्हती, नुसती बघत होती, उन्हात धरलेल्या फोनकडं बघायची तशी. मी सांगितलं. वाढदिवसाचे बॅनर सांगितले, राहिलेला फोन सांगितला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती आपोआप बदलणारी तारीख सांगितली, जी सरांनी हातानं लिहायला सांगितली होती. सांगताना मला रडू आलं. त्याची मला अजूनही लाज वाटते, पण आलं ते आलं.

सरांनी प्राचार्यांच्या टेबलावरचं उघडं पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि परत ठेवलं.

"ठेवा विषय," प्राचार्य म्हणाले. "आणि या तिघांना चहा सांगा. व्हिडिओचंही बघा मात्र जरा."

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता सर बोलतील. ते मागच्या भिंतीकडं चालत गेले, मी त्यांच्यामागं. तिथं त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. एका वस्तीच्या फाट्यावर पाटी रंगवताना त्यांच्याकडून अंतरातला एक आकडा राहून गेला. चौदाचे चार झाले. महिन्याभरानं कळलं. ते ब्रश घेऊन गेले, पाटी नीट केली आणि मग दिवसभर त्या पाटीखाली बसून राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होते, आकडा माझ्याकडून चुकला होता. लोक म्हणाले, पेंटर येडा झालाय.

"कुणी रागावलं का, सर?"

"एकजण. चालत गेला होता बिचारा. त्यानं मला शिव्या दिल्या, मग माझ्याशेजारी बसून माझी भाकरी खाल्ली." त्यांनी खिशातून सुतळी काढली. "धर, फ्लेक्स. चूक सांगायला किती जागा लागते बघू."

आम्ही भिंतीवर रेघा मारल्या. त्या संध्याकाळी मी पानाच्या अगदी वरती, सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं, चूक आमची. त्याखाली काय चुकलं ते दोन ओळींत. तारीख हातानं. आणि चारी बाजूंनी मोकळी जागा सोडली. तिथं काही टाकावं असं मला पहिल्यांदाच वाटलं नाही.

रविवारी मी कंपाउंडरना दोनदा फोन केला. सोमवारी सर म्हणाले, चल. तेरची गाडी, मग काठानं चालत. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. आक्कानं मेंढरं पुढच्या रानात नेली होती. आम्हाला बघून ती काठी टेकवून उभी राहिली. सरांनी तो तडकलेला फोन तिच्या हातात दिला. पान लगेच उघडलं.

ती उन्हात उभी राहून वाचायला लागली, एकेक अक्षर, मोठ्यानं. "चू-क. आ-म-ची." इथं थांबून तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग परत पडद्याकडं. तारीख वाचली. गाव वाचलं. "बु-ध-वा-र. स-का-ळी न-ऊ. पा-रा-पा-शी."

मी तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होते.

आक्कानं फोन सरांच्या हातात दिला, काठी उचलली आणि मेंढरांना हाक घालत ओढ्याकडं चालायला लागली. तिनं एकदाही वळून बघितलं नाही. मी सरांकडं बघितलं. त्यांनी फोन खिशात ठेवला, माझ्यामागं आले आणि माझ्या बॅगेची चेन लावली.